कोहेनची उधारी

मी मराठीत गाणी लिहितो. त्यावर पोट चालतं म्हणणं धाडसाचं होईल. कॅनडाच्या लेनर्ड कोहेनची कारकीर्द मात्र मी शेजारच्या दुकानाचा गल्ला बघावा तशी बघत आलोय. त्यातून उधार घेतलेल्या या पाच गोष्टी.

१. वय मोजू नका. माँट्रिअलच्या या कवीच्या दोन कादंबऱ्या झाल्या, तरी घर चालेना, म्हणून तो गाण्याकडे वळला. पहिली रेकॉर्ड आली १९६७ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी.

२. कंपनीचा नकार त्या वर्षापुरता. १९८४ची 'व्हेरिअस पोझिशन्स' ही रेकॉर्ड कोलंबिया कंपनीने तेव्हा अमेरिकेत काढलीच नाही. 'हालेलुया' त्यातलंच! पुढे ते जॉन केलने गायलं, १९९४ मध्ये जेफ बकलीने. २००८च्या नाताळात याच गाण्यासाठी ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत अलेक्झांड्रा बर्क पहिली, बकली दुसरा आणि खुद्द कोहेन ३६वा. आपलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून गाजलं की मला लागतं. हा आकडा आठवला की जरा कमी लागतं.

३. कागद वाचूनच सही करा. मी बायकोलाही वाचायला देतो, ती बँकेत आहे. 'सुझान' या गाण्याचे हक्क कोहेनच्या हातून सुरुवातीलाच गेले. मोठा फटका पुढे बसला. १९९४ पासून तो कॅलिफोर्नियात माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहत होता, १९९६ मध्ये भिक्षू झाला. व्यवहार दुसऱ्याच्या हाती. म्हातारपणाची पुंजी गेल्याचं कळलं ते २००४ मध्ये. दोन वर्षांनी कोर्टाने व्यवहार बघणाऱ्या त्या व्यक्तीला कोहेनला ९० लाख डॉलर द्यायला सांगितले, पण वसुली काही झाली नाही.

४. मठ सोडल्यावर तो मुंबईत यायचा. केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात उतरायचा आणि सकाळी रमेश बाळसेकरांच्या घरी सत्संगाला जायचा. बाळसेकर म्हणजे निसर्गदत्त महाराजांचं खेतवाडीतलं मराठी बोलणं इंग्रजीत सांगणारे शिष्य, शिवाय बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख. (हिशेबाचंही विचारून घ्यायचं की!) वर्षानुवर्षांचं नैराश्य याच सुमारास ओसरलं, असं तो सांगे.

५. गरज पडली तर स्टेजवर चढा, लाजू नका. २००८ मध्ये, ७३व्या वर्षी, त्याने कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या छोट्या थिएटरपासून पुन्हा दौरा सुरू केला. तीन-तीन तास गायचा. वादकाचा तुकडा चालू झाला की टोपी काढून छातीशी धरून ऐकत उभा राहायचा. चोरी झाली म्हणून हे बघायला मिळालं, असं चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. चोराला कसलं श्रेय द्यायचं? सप्टेंबर २००९ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात तो गाता गाता कोसळला. तीन दिवसांनी ७५वा वाढदिवस होता. वाढदिवसाच्या रात्री बार्सिलोनात त्याचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि तो झाला.