साक्षीचा दिवा

(यंत्रे आपले काम निमूटपणे करीत असतात. ते काम केव्हा चालू आहे आणि केव्हा संपले, हे बाहेरून कळले नाही, तर माणसाच्या हातून नकळत हानी होते. एका खेळयंत्राला जोडलेल्या इवल्याशा दिव्याची हकीकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

सन २००३ च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे दोन महिने राहिलो होतो. तिचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळेला सुटी होती आणि दूरदर्शन संचाशेजारी ठेवलेले एक काळे, वजनदार खेळयंत्र हा त्याचा सुटीतील सोबती होता. एक्सबॉक्स हे त्या यंत्राचे नाव. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीस आणले होते.

माझ्या भाच्याने तीन आठवडे खपून एका खेळात बराच मोठा टप्पा गाठला होता. एके संध्याकाळी जेवणाची हाक आली, तेव्हा खेळाची नोंद जतन करण्याची आज्ञा त्याने यंत्राला दिली. ‘जतन चालू आहे, यंत्र बंद करू नका,’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर उमटली. परंतु आईची दुसरी हाक ऐकताच त्याने घाईघाईने बटण दाबले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो ती नोंद उघडेचना. तीन आठवड्यांचे श्रम एका क्षणाच्या उतावीळपणाने वाया गेले. तो रडला नाही. पण दिवसभर कोणाशी बोललाही नाही.

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला व म्हणाला, “मामा, चूक माझीच होती. पण तुम्ही तर इतकी वर्षे रेडिओ दुरुस्त करीत होता. आत काम चालू आहे की नाही, हे बाहेरून ओळखता येईल का? बाबांच्या संगणकावर एक बारीक दिवा लुकलुकतो. तसा दिवा या यंत्राला आपण बसवू या का?”

मला त्याचा प्रश्न आवडला. झालेल्या नुकसानीबद्दल कुढत बसण्याऐवजी तो उपाय शोधीत होता. मी म्हटले, “बसवू या. पण ज्याला दिवा लावायचा, त्याचे काम आधी समजून घेऊ.”

त्या यंत्राच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक बंदिस्त पेटी असते. घरगुती खेळयंत्रात ती मुळातच बसवलेली असावी, ही गोष्ट त्या काळी नवी होती. पेटीत एक गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे या वेगाने फिरत असते. तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. एका हलत्या भुजेच्या टोकाशी असलेले सूक्ष्म शीर्ष या थरावर चुंबकीय खुणा उमटवते आणि उमटलेल्या खुणा वाचते. काम करताना ते तबकडीला टेकत नाही. हवेच्या पातळ पापुद्र्यावर ते तरंगत असते आणि हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

या विद्येची वाढ विस्मयकारक आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली, तेव्हा तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. भाच्याच्या यंत्रातील तळहाताएवढ्या पेटीत ८ गिगाबाइट, म्हणजे सुमारे ८०० कोटी अक्षरे मावत होती. ही वाढ सोळाशे पटींची झाली!

“आता असे समज,” मी त्याला म्हटले, “तू वहीत निबंध लिहीत आहेस आणि मध्येच कोणी वही ओढून घेतली. अर्धे वाक्य कागदावर, अर्धे तुझ्या मनात. तुझी नोंद अशीच अर्धवट राहिली. वीज गेली की भुजा आपोआप बाजूला होते, म्हणून तबकडी वाचली. पण लिहिणे काही पुरे झाले नाही.”

त्याच्या वडिलांनी आम्हांला हार्ड डिस्कच्या जोडणीची माहिती असलेले एक पुस्तक आणून दिले. त्यात असे आढळले, की या पेटीला ४० पिनांची एक पट्टीसारखी केबल जोडलेली असते आणि तीतील ३९ वी पीन ही कामाची खूण देण्यासाठीच राखून ठेवलेली असते. म्हणजे यंत्र आपल्या कामाची वर्दी देतच होते. ती ऐकणारा मात्र कोणी नव्हता!

“मग सोपे आहे,” भाचा उत्साहाने म्हणाला, “३९ व्या पिनेतून वीज येईल. तेथून दिव्याला तार जोडू आणि दुसरी तार काळ्या तारेला.”

प्रथमदर्शनी मलाही तसेच वाटले होते. पण पुस्तक पुन्हा वाचल्यावर चूक ध्यानात आली. ही पीन दिव्याला वीज पुरवीत नाही. काम चालू असताना ती स्वतः काळ्या तारेशी, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेशी जोडली जाते. काम थांबले, की ती वाट बंद होते. मी त्याला आमच्या गावाकडील मळ्याचे उदाहरण दिले. पाटाला पाणी असतेच. परंतु बारे देणारा गडी फावड्याने वाफ्याचे तोंड फोडतो, तेव्हाच ते वाफ्यात शिरते. तोंड बुजवले, की पाणी थांबते. येथे पाचव्होल्ट विजेची लाल तार हा पाट आणि ३९ वी पीन हे वाफ्याचे तोंड. म्हणून दिव्याचे एक टोक लाल तारेला आणि दुसरे त्या पिनेला जोडले पाहिजे. पीन वाट मोकळी करील, तेव्हाच दिवा लागेल.

दिवा म्हणून आम्ही तांबडा एलईडी घेतला. डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली तयार केला. त्यात तापून लाल होणारी तार नसते. म्हणून तो थंड राहतो, वीज थोडी खातो आणि सेकंदात अनेकदा लागला-विझला तरी खराब होत नाही. मात्र त्याला मर्यादेबाहेर वीज मिळाली, तर तो जळतो. म्हणून वाटेत ३३० ओहमचा एक रोध घालावयाचा. पाच व्होल्टपैकी सुमारे दोन व्होल्ट दिव्यात खर्च होतात. उरलेल्या तिनांना ३३० ने भागले, की सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह येतो. दिव्याला तो पुरतो आणि पिनेलाही झेपतो. हा भागाकार भाच्याने स्वतः केला. शाळेतील गणित असे उपयोगी पडलेले पाहून त्यालाच नवल वाटले.

यंत्र उघडण्याआधी बहिणीची व तिच्या यजमानांची संमती घेतली. कारण यंत्र उघडले, की विक्रेत्याची हमी संपते. पेटीच्या तळाशी चांदणीच्या आकाराच्या खाचांचे सहा स्क्रू रबरी पायांखाली आणि चिठ्ठ्यांखाली दडलेले होते. ते काढण्यापूर्वी मी भाच्याला दोन नियम घालून दिले. भिंतीतील वीजजोडणी काढल्याशिवाय झाकण उघडावयाचे नाही आणि झाकण घातल्याशिवाय वीज जोडावयाची नाही. यंत्रातील वीजपुरवठ्याची पाटी उघडी असते. जोडणी काढल्यावरही तिच्यातील धारित्रात काही काळ वीज साठून राहते व तिचा धक्का घातक ठरू शकतो. त्या पाटीकडे त्याने हात न्यावयाचा नव्हता.

मी डाख दिला, भाच्याने तारा धरल्या. उघड्या सांध्यांवर रबरी पट्टी गुंडाळली. पुढील बाजूस बारीक भोक पाडून दिवा बसवला, झाकण लावले आणि वीज जोडली. यंत्र सुरू झाले. दिवा मात्र लागला नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. मीही क्षणभर गोंधळलो. मग आठवले, की एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते. त्याचा लांब पाय धन बाजूकडे असावा लागतो. घाईत मीच तो उलटा जोडला होता! इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही घाई कोणालाच सोडीत नाही. मी माझी चूक कबूल केली. पुन्हा जोडणी काढली, पुन्हा थोडा वेळ थांबलो, पुन्हा सहाही स्क्रू काढले. दुसऱ्या खेपेस बटण दाबले, तेव्हा काळ्या पेटीवर तांबडा ठिपका लुकलुकू लागला. तो कधी स्थिर राही, कधी थरथरे, कधी विझून जाई.

“मामा, पाहा! ते लिहिते आहे!” भाचा ओरडला.

वास्तविक ते तेव्हा बहुधा वाचीत होते. पण त्याचा आनंद मी मोडला नाही.

चारपाच दिवसांनी पुन्हा जेवणाची हाक आली. मी दारातून पाहत होतो. भाच्याचा हात बटणाकडे गेला आणि तेथेच थबकला. दिवा लुकलुकत होता. “आई, एक क्षणभर थांब, याचे काम अजून व्हायचे आहे,” तो म्हणाला. दिवा विझला. पडद्यावरील सूचनाही गेली होती. मग त्याने यंत्र बंद केले आणि तो पानावर येऊन बसला.

त्या दिव्याने यंत्राचा वेग वाढवला नाही की खेळ सोपा केला नाही. आत चाललेल्या कामाची त्याने फक्त साक्ष दिली. आपल्या घरात आणि गावात डोळ्यांआड राबणारे हात पुष्कळ असतात. त्यांच्या कामावर दिवा लुकलुकत नाही. म्हणून त्यांच्यासाठी थांबण्याची आठवण आपणच ठेवली पाहिजे.

स्वाध्याय

१. भाच्याची तीन आठवड्यांची मेहनत कशामुळे वाया गेली?
२. हार्ड डिस्कमध्ये नोंद कशी लिहिली जाते, ते चारपाच वाक्यांत सांगा.
३. पाट व वाफा यांच्या उदाहरणाने लेखकाने कोणती गोष्ट स्पष्ट केली आहे?
४. दिव्याच्या वाटेत रोध का घातला? प्रवाहाचा भागाकार करून पाहा.
५. यंत्र उघडण्यापूर्वी लेखकाने कोणते दोन नियम घातले? का?
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वर्दी देणे, चेहरा उतरणे, ध्यानात येणे, वाया जाणे.
७. ‘डोळ्यांआड राबणारे हात’ या विषयावर दहा ओळी लिहा.