प्रश्नोत्तरे : धुऱ्यावरची बाभूळ आणि लाकूड फोडायचं यंत्र

प्रश्न : आमच्या धुऱ्यावरच्या तीन जुन्या बाभळी यंदाच्या पावसात आडव्या झाल्या. फांद्यांचं जळतण झालं, पण बुंधे कुऱ्हाडीला दाद देत नाहीत. घण आणि पाचर घेऊन लाकडं फोडणारी माणसं आता मिळत नाहीत. ट्रॅक्टरवर चालणारं हायड्रॉलिक यंत्र घ्यावं का? ट्रॉलीचा जॅक लावून गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतलं तर चालेल का? आणि त्याची निगा कशी राखायची?
– एक शेतकरी वाचक, मेहकर तालुका

उत्तर : वेल्डरचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. ट्रॉली पलटी करणारा जॅक बहुधा एकाच बाजूने तेल घेतो. तेलाने वर जातो आणि ट्रॉलीच्या वजनाने खाली बसतो. लाकूड फोडायच्या यंत्रात दट्ट्याला मागे ढकलणारं वजनच नसतं, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी तेल घेणारा सिलिंडर आणि दोन होज पाइप लागतात. शिवाय ज्या लोखंडी गर्डरवर ओंडका आडवा ठेवतात, त्याला पाचरीइतकाच जोर सोसावा लागतो. अंदाजाने मारलेली वेल्डिंग तिथे उकलली, तर जवळ उभ्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

हा जोर किती, ते तुम्हीच काढून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर. ट्रॅक्टरच्या पंपाने १५० बार दाब दिला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १५३ किलो. गुणाकार केला की पाचरीवर १२ टन येतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. त्यावरून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपल्या जिल्ह्याला हे तत्त्व नवं नाही. खामगावसारख्या कापसाच्या बाजारपेठेत जिनिंग-प्रेसिंगमध्ये मोकळी रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, ती याच दाबावर.

ताकद मिळते ती वेगाच्या बदल्यात. पंप मिनिटाला २५ लिटर तेल देत असेल आणि दट्ट्याची चाल ६० सेंटीमीटर असेल, तर पाचर पुढे जायला अकरा-एक सेकंद लागतात. हा संथपणा फसवा आहे. सोयाबीन काढताना मळणी यंत्राच्या तोंडाशी माणूस आपसूक जपून राहतो. इथे मात्र पाचर सावकाश येताना दिसते, म्हणून ओंडका सरळ करायला हात पुढे जातो. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा. जो ओंडका ठेवेल त्यानेच हात बाजूला घेऊन दांडा चालवावा, बाकीच्यांनी चार पावलं लांब राहावं. उपरणं, ओढणी, सैल बाही नको. लेकरांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नका.

आता घ्यावं का, याबद्दल. माझं मत नाही असं आहे, निदान एकट्याने नाही. आपल्याकडचं बरंचसं जळतण पऱ्हाटी आणि तुराट्यांचं असतं, त्यांना फोडावं लागतच नाही. तीन बाभळींसाठी घेतलेलं यंत्र नंतर शेडमध्ये गंजत पडेल. भाड्याने मिळालं तर उत्तम. नाहीतर गटाने घ्या, आणि आसपासच्या भट्ट्या, हॉटेलं यांचं काम मिळणार असेल तरच.

बुंधे मात्र आत्ताच फोडा. बाभळीसारखं जड लाकूड ओलं असताना बरं फुटतं, वाळलं की हट्टाला पेटतं. गाठीचा ओंडका मधोमध लावू नका, कडेकडेने ढलप्या काढत आत या. दोन्ही टोकं सरळ कापलेली हवीत, तिरकी असली की ओंडका निसटून उडतो. बेचक्याचा भाग बाजूला ठेवा, तो करवतीचं काम आहे. अखंड ओंडक्याची साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, फोडल्यावर आतलं अंग मोकळं होतं आणि लाकूड लवकर वाळतं. ढीग जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडा रचा. ओलं लाकूड चुलीत घातलं की बरीच धग त्यातलं पाणी उकळण्यात जाते आणि धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांत.

निगा म्हणजे मुख्यतः तेलाची निगा. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. होजच्या कपलिंगला लागलेली काळ्या मातीची धूळ तशीच आत गेली, तर यंत्राबरोबर ट्रॅक्टरही खराब होतो. म्हणून जोडण्याआधी दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसा आणि काढल्यावर टोपण लावा. तेलाची पातळी दट्ट्या पूर्ण आत घेऊनच पाहा. तो बाहेर असेल तर चार-पाच लिटर तेल सिलिंडरमध्येच असतं आणि वर भर घातली जाते. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, फेस आला तर हवा. ओंडका अडला की दांडा दाबून धरू नका, तेल भराभर तापतं. मागे घ्या, ओंडका फिरवा, पुन्हा लावा. फिल्टर आणि तेल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदला. काम संपलं की दट्ट्या आत घेऊन ठेवा. बाहेर राहिला तर पावसाळ्यात त्याच्या चकचकीत दांड्यावर गंज चढतो आणि तोच गंज ऑइल सील कापतो.

पुढे कधी उभं झाड तोडायची वेळ आली, तर एक कायदा लक्षात ठेवा. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या वावरात असली तरी आधी परवानगी लागते.

शेवटची गोष्ट कृपा करून घरात सगळ्यांना सांगा. होज कुठे गळते ते हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून पाहा. बारीक छिद्रातून दाबाने उडणारं तेल कातडी भेदून आत शिरतं. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची पाळी येते. हळद लावून घरी थांबू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचं तेल आत गेलंय.