सगळ्यांत हळू गाडीच्या हिशेबानं

पोरा, देशभरातल्या जुन्या गाड्यांचा मेळावा मुक्ताईनगरला घ्यायचा तुझा विचार क्लबानं मान्य केला, हे ऐकून मामाची छाती भरून आली. आता पत्रिका छापायच्या आधी माझे चार शब्द ऐकून घे.

दिल्लीतली स्टेट्समन वर्तमानपत्राची रॅली १९६४ साली सुरू झाली. मुंबईत हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्या जमतात, लोक फोटो काढतात. ते पाहून आपल्या मनात मेळाव्याचं चित्र तयार होतं. पण शहरातल्या रॅलीला आलेल्या बहुतेक गाड्या संध्याकाळी आपापल्या गॅरेजमध्ये परत जातात. राष्ट्रीय मेळाव्यात गाडी घरापासून शेकडो कोस लांब असते, तिचा मिस्त्री तिच्या गावी असतो आणि मालक बहुधा साठी-सत्तरीचा असतो. म्हणून सगळी आखणी सगळ्यांत हळू गाडीच्या आणि सगळ्यांत थकलेल्या माणसाच्या हिशेबानं करायची. हे एक धरून चाललास की पुढचं बरंच आपोआप ठरत जातं.

आपल्याकडे हे नवं नाही. आपल्या मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते, महिन्याहून जास्त दिवस वाटेत असते. मुक्काम ठरलेले, पाणी कुठे, सावली कुठे, आजारी पडलेल्याला कुठे न्यायचं, सगळं ठरलेलं. दिंडी चालवणाऱ्या जुन्या माणसांपाशी एक दुपार जाऊन बस. मोठा जमाव लांबच्या वाटेनं कसा न्यायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आधी तारीख. उन्हाळ्याचं नावसुद्धा काढू नकोस. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जुन्या गाडीचं पेट्रोल पाइपातच वाफ होऊन अडकतं. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसा. माघातली चांगदेव-मुक्ताई यात्राही टाळ, त्या दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. माझं ऐकशील तर पौष धर. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्यातही ऐकून घेतात. हवा थंड, भरताची वांगी भरात. बाहेरगावच्या पाहुण्याला कळण्याची पुरी आणि भरीत घाल, वरणबट्टी घाल. हॉटेलातलं पनीर त्याला त्याच्या गावीही मिळतं.

गावात एवढ्या लोकांना पुरतील इतके लॉज नाहीत. माणसांची सोय भुसावळ-जळगावला करावी लागेल, पण गाड्या रात्री इथंच राहू देत. रोज रात्री थकलेल्या माणसानं जुनी गाडी महामार्गावरून नेणं मला पटत नाही. पाहुण्यांसाठी बस लाव. गाड्या ठेवायला कुणी जिनिंगचं आवार देऊ केलं तर हात जोडून नाही म्हण. त्या दिवसांत तिथं कापसाचे ढीग असतात आणि जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतंच. मंगल कार्यालयाचं कुंपणाचं पटांगण बरं. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायची नळकांडी ठेव, राखणीला दोन माणसं ठेव, आणि आवारात विडी-सिगारेट बंद.

कागदपत्रांचं आत्ताच हाती घे. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज वापरता येत नाही, पण प्रदर्शन आणि रॅलीसाठी रस्त्यावर आणता येते. ज्यांनी ही नोंदणी केलेली नाही त्यांच्या गाड्या जुन्याच नंबरवर असतात, त्यांची मुदत संपली नाही ना, विमा चालू आहे ना, हे प्रती मागवून स्वतः बघ. फास्टॅग नसेल तर टोलला जादा भरावं लागतं आणि मागे रांग लागते, तेही आधीच कळव. पोलीस ठाण्यात अर्ज दे, नुसता फोन पुरत नाही. पत्ता पाठवताना भुसावळहून मलकापूरकडे जाणारा महामार्ग असं स्पष्ट लिही, आणि जुन्या नकाशात गावाचं नाव एदलाबाद असतं हेही लिही. कोलकात्याहून ट्रेलरवर गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला त्याचा उपयोग होईल.

आता गाड्यांची गोष्ट, कारण माझा जीव तिथंच अडकलेला आहे.

जुन्या गाडीला उभं राहून फुरफुरणं सोसत नाही. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद असलं की पंखाही मंद, आणि रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागतं. गावातली मंडळी ढोल-ताशा लावून मिरवणूक मागतील. त्यांचा उत्साह मोडू नकोस, पण चौकापासून कार्यालयापर्यंत, बस. झेंडा दाखवणारा पाहुणा समोर येऊन उभा राहीपर्यंत एकाही गाडीचं इंजिन चालू होऊ देऊ नकोस, मग तो पाहुणा केवढाही मोठा असो.

फेरीला निघताना पाच-सहा गाड्यांची एक तुकडी कर, दोन तुकड्यांमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेव. चाळीस गाड्यांची सलग रांग महामार्गावर धोक्याची. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन चाललेले असतात, केळीचे ट्रक घाईत असतात, त्यांना मध्ये शिरायला जागा लागते. तुकडीत सगळ्यांत हळू गाडी पुढे, आणि सगळ्यांच्या मागे मिस्त्रीची जीप. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पाहुण्यांना जरूर ने, पण गाड्या गावाबाहेर लावून चालत जा. मंदिर संरक्षित आहे, गल्ल्या अरुंद आहेत. परत येणं मावळतीच्या आत. डायनॅमोवरच्या दिव्यांचा उजेड आजच्या ट्रकवाल्याला दिसतही नाही. अजिंठ्याचा घाट कुणी सुचवला तर जड आणि म्हाताऱ्या गाड्या त्यातून वगळ. ड्रम ब्रेक उतारावर तापले की धरत नाहीत.

मिस्त्री दोन घे, आणि वयानं मोठे घे. कॉम्प्युटर लावून दोष शोधणारा पोरगा हुशार असेल, पण प्रीमियर पद्मिनीचा सोलेक्स आणि अॅम्बेसेडरचा एसयू कार्बोरेटर कानानं जुळवणारा माणूस वेगळा. त्यांच्या पेटीत पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचे डायफ्राम भरपूर असू देत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं, चिरतं. एक गोष्ट त्यांना बजावून सांग. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, काहींची बॅटरी सहाच व्होल्टची असते. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून चालू करायच्या आधी मालकाला विचारायचंच.

भांडणं बक्षिसांवरून होतात. कोणती गाडी कोणत्या गटात हे पत्रिकेतच छाप. फिव्हा ही जागतिक संघटना तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते, आपला कायदा पन्नास वर्षं मागतो. पद्मिनी तर कुर्ल्याच्या कारखान्यात २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत होती, म्हणजे शेवटच्या पद्मिनी दोन्हीकडे बसत नाहीत. तरी त्यांच्यासाठी वेगळा गट ठेव, आणि आपल्या भागातल्या महिंद्राच्या जीपांसाठीही. रावेर-यावलच्या केळीवाल्यानं बापाची जीप तीस-चाळीस वर्षं शेतात आणि बाजारात चालवली, अजून सांभाळली, त्याला रोल्स-रॉइसच्या शेजारी मानानं उभं राहता आलं पाहिजे. नाहीतर हा मेळावा इथं घेण्यात अर्थ काय?

पैसे आधी घे. ‘येतो भाऊ, नाव लिहून ठेव’ म्हणणाऱ्याचं नाव लिही, खोली मात्र पैसे जमा झाल्यावरच राख. क्लबाचं खातं, पावती, हिशेब दोघांच्या सहीनं.

आणि ड्रायव्हर-क्लीनर. यांच्या जेवणाची आणि झोपायची सोय मालकांच्या आधी बघ. गाडीची खरी नस त्यांनाच माहीत असते, आणि बहुतेक मेळाव्यांत ते गाडीतच आडवे होतात. पौषातल्या थंडीत गादी-गोधडी लागेल. बाया-माणसांसाठी स्वच्छ संडास, मधुमेह असलेल्यांना वेळेवर जेवण, कार्यालयाच्या दारात रुग्णवाहिका, यात काटकसर नको.

शाळेची पोरं येतील. दोऱ्या बांधशील तरी निदान दोन-तीन मालकांना गाडीचं दार उघडायला सांग. पोरांना स्टिअरिंगमागे बसू दे, हॉर्न वाजवू दे.

सगळं आटोपल्यावर मिस्त्रींचे पैसे त्याच दिवशी चुकते कर. कोणत्या गाडीचं काय बिघडलं, कोणता सुटा भाग कमी पडला, ते लिहून पुढच्या वर्षीच्या यजमानाला पाठव. मंगल कार्यालयवाला माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याशी मी या आठवड्यात बोलतो. तू तोवर पोलीस ठाण्याचा अर्ज लिहून आण, मी वाचून देतो.