रिव्हर्सो करतेस? कर, पण नाव नको

हे बघ, तू लेथवर रिव्हर्सो घड्याळ घडवायचं म्हणतेस त्याला माझी ना नाही. आईला घोर लागलाय की पोरगी बासरच्या ट्रिपल आयटीत मेकॅनिकल शिकायला गेली आणि घड्याळजी होऊन घरी येणार! आईचं मी बघते. पण काल फोनवर हळूच विचारलंस ना, "ताई, डायलवर मूळ कंपनीचंच नाव टाकलं तर?", त्यावर मात्र बोलायला हवं.

घड्याळ तू फार छान निवडलंस. त्याची कूळकथा आपल्याकडेच सुरू होते. १९३० च्या सुमारास सेझार द ट्रे नावाचा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला होता. पोलो खेळणाऱ्या इंग्रज अफसरांनी त्याच्याकडे गाऱ्हाणं केलं, की खेळताना घड्याळाची काच फुटते. परत गेल्यावर त्यानं घड्याळं बनवणाऱ्या झाक-दाविद लकुल्त्रला यावर तोड काढायची गळ घातली. मग पॅरिसच्या रेने-आल्फ्रेड शोव्होनं ४ मार्च १९३१ ला पेटंटचा अर्ज केला. केस, म्हणजे घड्याळाचं कवच, बैठकीवर सरकायची, पूर्ण उलटी व्हायची. काच मनगटाकडे आणि धातूची पाठ बाहेर. साधी युक्ती वाटते, पण करून बघ म्हणजे कळेल.

आता गंमत ऐक. लकुल्त्रकडे त्या आकाराचं मशीनच तयार नव्हतं. पहिल्या रिव्हर्सोंमध्ये ताव्हान कंपनीचं मशीन बसवलं होतं आणि केस वेंगर या केस बनवणाऱ्यांनी केली होती. स्वतःचं मशीन आलं ते १९३३ मध्ये. पानेराई कंपनीची जुनी घड्याळंसुद्धा रोलेक्सकडून तयार होऊन यायची. तेव्हा "मशीन माझं नाही, मग घड्याळ माझं कसं" असं म्हणत कुढू नकोस. मशीन बाहेरून घेणं या धंद्यात पूर्वीपासून चालत आलंय.

नावाची गोष्ट निराळी. बासरच्या देवळात अक्षराभ्यासाला आलेल्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेतात, तशी तू जुन्या कारागिराची रेघ खुशाल गिरव. त्याची सही गिरवू नकोस. तू म्हणशील, मी कुठं विकणार आहे? आज नाही विकणार. उद्या मैत्रिणीला देशील, ती कुणाला देईल, आणि पाचव्या हातात ते अस्सल म्हणून जाईल. खोटं व्यापारचिन्ह लावून फसवण्याला आणि तसा माल विकण्याला १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, वर दंड. मला कैदेपेक्षा दुसरंच खुपतं. एवढं राबून केलेल्या वस्तूवर तुझा मागमूसही राहू नये? डायल कोरी ठेव, नाहीतर आतल्या बाजूला तुझी अक्षरं कोर. रिव्हर्सोची ओळख नावात नाहीच, ती केसच्या वर-खाली असलेल्या तीन-तीन आडव्या रेघांत आहे. त्या नीट उतरल्या तर जाणकार लांबून ओळखेल.

आणि एक, पहिल्याच फटक्याला फिरणारी केस नको. सरकत्या जोडाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब लागतो. सैल झाली तर खुळखुळेल, घट्ट झाली तर अडकेल. आधी एखादी जुनी एचएमटी जनता घे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून एचएमटीनं बंगळूरला घड्याळं सुरू केली. २०१६ मध्ये तो धंदा बंद करायचं ठरलं, तरी ती घड्याळं अजून मिळतात. जनता म्हणजे १७ ज्वेलचं, चावीचं मशीन. सेकंदाला पाच ठोके. शिकायला याहून सोशिक काही नाही. रिव्हर्सोत मात्र ते जाणार नाही, मूळ केस जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. त्यासाठी बायकांच्या घड्याळातलं लहान मशीन शोधावं लागेल. आईच्या घड्याळाकडे बघूसुद्धा नकोस, आधीच सांगते.

मशीन उघडण्याआधी क्लिक, म्हणजे चावीचा खटका, बाजूला धरून चावीचा सगळा ताण हळूहळू सोड. ताण असताना पॅलेट फोर्क काढलास तर चाकं भर्रकन फिरतात आणि दात नाहीतर टोकं मोडतात. काही मशीनांत चावीच्या चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो; फिरत नाही म्हणून जोर करू नकोस, उलटा फिरवून बघ. प्रत्येक पायरीला फोटो काढ. पंखा बंद, आणि बासरच्या उन्हाळ्यात ही शिक्षाच आहे, म्हणून पहाटे बस. घामाची बोटं पोलादाला लागली की गंज धरतो, बोटांना रबरी टोप्या घाल. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, ते पसरतं. घड्याळाचंच तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकं.

नांदेडला नाहीतर निजामाबादला जुनं घड्याळ बघायला गेलीस तर चकचकीत डायलवर भाळू नकोस. पुष्कळ डायल नव्यानं रंगवलेल्या असतात. दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लाव, गंज बघ, स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का बघ. झाकण उघडायला कां-कूं करत असेल तर तिथून सरळ निघ. पैशांचं म्हणशील तर पहिलं मशीन माझ्याकडून. लेथचं मात्र तुझ्या सरांना तूच विचार, मी मध्ये पडणार नाही.