पॉवर स्टेअरिंगचा पंप : जोराचा आणि वेगाचा हिशेब

उज्जैनमध्ये लोहमार्गाच्या एका बाजूस महाकाळेश्वराचे जुने शहर आहे आणि दुसऱ्या बाजूस फ्रीगंज. शिंदे संस्थानच्या काळात वसविलेली ही वस्ती माधवनगर या नावानेही ओळखली जाते. येथील टॉवर चौकातून निघालेला मालवाहू ट्रक इंदूरच्या डांबरी सडकेवर जितक्या सहजतेने वळतो, तितक्या सहजतेने तो शहराबाहेरच्या शेतरस्त्यावर वळत नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात टायरला धरते, चाक चाकोरीत रुतते आणि चालकाने दोन्ही हातांनी जोर लावला तरी स्टेअरिंग जागचे हलत नाही. अशा वेळी पंप मोठा बसविण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो कधी अचूक असतो, कधी पैसे वाया घालविणारा, तर कधी जीवावर बेतणारा. तिन्हींतील फरक कळण्यासाठी पंपाचे काम समजावून घेणे इष्ट ठरेल.

ज्या तत्त्वावर हे यंत्र चालते ते पास्कलचे तत्त्व माध्यमिक शाळेत शिकविले जाते. बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. शिक्षकांना सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, रबरी नळीने जोडून आणि त्यांत पाणी भरून हे वर्गात सहज दाखविता येईल. लहान पिचकारीचा दट्ट्या बोटाने दाबला असता मोठीचा दट्ट्या अधिक जोराने, परंतु सावकाश सरकतो. पॉवर स्टेअरिंगमध्ये बोटाची जागा इंजिनावर चालणारा पंप घेतो आणि मोठ्या पिचकारीची जागा स्टेअरिंग गिअरबॉक्समधील दट्ट्या. चालकाचा हात केवळ झडप फिरवून तेल उजवीकडे जावे की डावीकडे, हे ठरवितो.

अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये या रचनेचे प्रात्यक्षिक दाखविले. दुसऱ्या महायुद्धात ती जड चिलखती गाड्यांमध्ये वापरली गेली. सामान्य ग्राहकाच्या मोटारीत ती १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आणली. म्हणजे ही सोय आधी जड आणि आडवाटेच्या वाहनांची, नंतर शौकिनांच्या मोटारींची. महाराष्ट्रात छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना परिचित असलेल्या वढू बुद्रुक येथे १९८१ साली स्थापन झालेल्या कंपनीचा स्टेअरिंग गिअरचा कारखाना आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आता मुख्य मुद्दा. पंपाकडून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात : दाब आणि प्रवाह. दाबामुळे चाक वळविण्याचा जोर मिळतो. प्रवाहामुळे ते किती लवकर वळेल ते ठरते. तक्रार यांपैकी कशाची आहे, हे ओळखल्यावाचून पंपाला हात लावू नये. ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन मंद गतीवर ठेवावे व स्टेअरिंग झपाट्याने फिरवून पाहावे. मग इंजिनाची गती थोडी वाढवून तेच पुन्हा करावे. मंद गतीवर अडणारे स्टेअरिंग गती वाढताच हलके झाले तर प्रवाह अपुरा आहे, असे समजावे. दोन्ही वेळा ते सारखेच जड राहिले, तर दोष दाबात, झडपेत किंवा चाकांच्या सांध्यांत आहे. टायरमधील हवा कमी असणे, किंगपिनला ग्रीस नसणे, पट्टा सैल होणे, तेल काळे पडणे या साध्या कारणांनीही स्टेअरिंग जड होते. यांतील एकही दोष मोठ्या पंपाने दूर होत नाही.

प्रवाहाचा हिशेब पाटीवर मांडता येतो. समजा, एका ट्रकच्या स्टेअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास ६०० घन सेंटिमीटर तेल लागते. पंप प्रत्येक फेऱ्याला १० घन सेंटिमीटर तेल देतो आणि तो इंजिनाच्याच गतीने, म्हणजे मंद गतीवर मिनिटाला ७०० फेरे फिरतो. तेव्हा मिनिटाला ७ लिटर तेल मिळेल व स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत जाण्यास पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. चालकाने त्याहून घाई केली की भिंतीला टेकल्यासारखे वाटते. त्याच गतीवर १६ घन सेंटिमीटरचा पंप मिनिटाला ११.२ लिटर देतो आणि हेच काम सुमारे सव्वातीन सेकंदांत होते. प्रत्यक्षात आतल्या गळतीमुळे आकडे थोडे उतरतात. सडकेवर ट्रक वेगात असताना हा फरक जाणवत नाही. चिखलात किंवा खडकाळ उतारावर, जेथे गाडी माणसाच्या चालीने सरकते, तेथे तो स्पष्ट जाणवतो. प्रवाह कमी पडत असेल तर मोठा पंप हेच योग्य औषध होय.

पंप न बदलता त्याची पुली लहान करण्याची युक्तीही योजली जाते. खर्च कमी, आणि मंद गतीवर प्रवाहही वाढतो. परंतु इंजिन वेगात असताना तोच पंप बेसुमार फिरतो, शोषणाच्या बाजूस तेल पुरत नाही, तेलात पोकळ बुडबुडे होतात आणि पंप आतून झिजू लागतो. ज्या डिझेल ट्रकमध्ये पंप पट्ट्याऐवजी दात्यांनी फिरतो, तेथे हा मार्ग मुळातच बंद आहे.

मोठ्या पंपाबरोबर उष्णताही येते, आणि येथेच पुष्कळ कामे फसतात. दर मिनिटास १२ लिटर तेल १०० बार दाबाखाली अडून झडपेतून परत फिरत असेल तर सुमारे दोन किलोवॅट शक्ती केवळ तेल तापविण्यात खर्ची पडते. बादलीत पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीपेक्षा ही शक्ती अधिक आहे. यास्तव परतीच्या नळीवर तेल थंड करणारी जाळी, पुरेशी मोठी टाकी आणि गाळणी यांचा खर्च पंपाच्या किमतीतच धरावा. स्टेअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबून धरण्याची सवयही सोडावी.

सर्वांत धोक्याचे काम म्हणजे दाब मर्यादित ठेवणाऱ्या झडपेखाली चकती घालून दाब वाढविणे. पंप तो दाब सोसेलही. पण गिअरबॉक्स, त्याला चेसिसशी जोडणारे बोल्ट, दांडे आणि बॉल जॉइंट त्या जोरासाठी घडविलेले नसतात. पंप बंद पडला तर स्टेअरिंग जड होते, पण चाकांशी त्याचा यांत्रिक सांधा कायम राहतो. बॉल जॉइंट निखळला तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंगची मोकळी फिरत ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. ही तपासणी पंपाच्या आधी करावी. मोठे टायर बसविल्यामुळे स्टेअरिंग जड झाले असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ ही आड येते. निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार त्यान्वये करता येत नाही.

नवा पंप बसविण्यापूर्वी जुने तेल, टाकी व नळ्या स्वच्छ कराव्यात; जुन्या पंपाचा धातूचा कीस नव्याला काही दिवसांतच निकामी करतो. तेल निर्मात्याने सांगितलेलेच भरावे. पुढची चाके जमिनीवरून उचलून गाडी टेकूंवर पक्की ठेवावी आणि इंजिन बंद असतानाच स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश वीसएक वेळा फिरवावे. टाकीतील पातळी उतरेल तसे तेल घालीत जावे. त्यानंतरच इंजिन सुरू करावे. तेलाला फेस दिसला किंवा पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर आत हवा राहिली आहे असे जाणून इंजिन थांबवावे, तेल निवळू द्यावे आणि क्रिया पुन्हा करावी. गळती शोधताना नळीवरून उघडे बोट फिरवू नये. बारीक छिद्रातून उडणारे दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर डाग उमटतो.