‘डिश’ : पात्र, पदार्थ आणि परिमाण

इंग्रजीतील ‘डिश’ हा शब्द ग्रीक ‘दिस्कोस’पासून लॅटिन ‘दिस्कुस’मार्गे आला. मूळ अर्थ फेकण्याची चकती. ‘डिस्क’ व ‘डेस्क’ हे शब्द त्याच कुळातील. चकतीवरून पसरट पात्र व पात्रावरून त्यात वाढलेला पदार्थ, असा या शब्दाचा अर्थविस्तार झाला. आधाराचे नाव आधेयाला लागण्याचा हा प्रकार मराठीला अपरिचित नाही. ‘थाळी’ म्हणजे भांडे, तसेच त्यातील जेवणही. ‘पंगतीत शंभर पाने झाली’ या प्रयोगात तर ‘पान’ म्हणजे जेवणारा माणूस.

अनुवादात मात्र या साम्यावर विसंबून चालत नाही. इंग्रजीत ‘डिशेस’ धुतात, तेव्हा त्यांत सारी खरकटी भांडी येतात. मराठीत ती घासतात. आवडती ‘डिश’ म्हणजे पदार्थ. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला परिमाणाचा अर्थही दिला : ‘दोन डिश पोहे’. हेच इंग्रजीत ‘टू डिशेस’ असे नेल्यास दोन निरनिराळे पदार्थ सूचित होतात. तेथे ‘प्लेट’ हा शब्द योजावा लागतो. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादकाने म्हणूनच शब्द उसना असला, तरी त्याचा अर्थ घेणाऱ्या भाषेच्या व्यवहारातूनच निश्चित करावा.