जर, तर आणि लाल पान

यवतमाळ जिल्ह्यात मी बरीच वर्षं नववीला भूमिती शिकवली. सशर्त विधानं आणि त्यांचे व्यत्यास, म्हणजे ‘जर’चा आणि ‘तर’चा भाग अदलाबदल करून होणारी विधानं, हा त्यातला छोटासा भाग. तो शिकवताना मला जे उमगलं, ते हे.

१. आधी हरवलेला ‘जर’ शोधावा. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात तो सहसा नसतोच. ‘पाऊस आला तं नाला भरते’ एवढ्यात भागतं. पुस्तकातही ‘समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात’ असं सरळ वाक्य येतं. ‘जर चौकोन समभुज असेल, तर त्याचे कर्ण परस्परांना लंब असतात’ असं लिहिलं, की ‘जर’चा भाग म्हणजे पूर्वांग आणि ‘तर’चा भाग म्हणजे उत्तरांग वेगळे दिसतात. तोवर व्यत्यासाला हात लावू नये.

२. वाक्याचे तुकडे मागेपुढे केल्याने व्यत्यास होत नाही. ‘जर गाव वणी तालुक्यात असेल, तर ते यवतमाळ जिल्ह्यात आहे.’ याचा व्यत्यास म्हणून एका मुलीने लिहिलं, ‘गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, जर ते वणी तालुक्यात असेल.’ मी घाईत बरोबरची खूण केली. विधान तर तेच होतं! ‘जर’ वणीलाच चिकटून राहिला होता. तो दुसऱ्या भागाकडे द्यावा लागतो: ‘जर गाव यवतमाळ जिल्ह्यात असेल, तर ते वणी तालुक्यात आहे.’ हे खोटं. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पुसद तालुक्यातलं एक गाव दाखवलं की झालं.

३. व्यत्यासात ‘नाही’ घुसडू नये. ‘गाव यवतमाळ जिल्ह्यात नसेल, तर ते वणी तालुक्यात नाही’ हे खरं आहे, पण तो व्यत्यास नव्हे. मूळ विधानच वेगळ्या शब्दांत आलं आहे.

४. व्यत्यास खोटाच असतो, असंही मुलं धरून बसतात. कर्ण परस्परांना लंब असले, तरी चौकोन समभुज असेलच असं नाही. पतंगाचे कर्णही लंब असतात. पण ‘लंब’च्या जागी ‘लंबदुभाजक’ लिहा, व्यत्यास खरा ठरतो. एका शब्दाचा हा फरक मला फार मोलाचा वाटतो. युक्लिडने पहिल्या ग्रंथात पायथागोरसचं प्रमेय ४७वं ठेवलं आणि त्याचा व्यत्यास ४८वं म्हणून वेगळा सिद्ध केला. मूळ प्रमेयाच्या पुण्याईवर व्यत्यास खरा मानता येत नाही.

५. हे मला वर्गाआधी वावरात कळायला हवं होतं. एका वर्षी आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडू लागली. मॅग्नेशियम कमी पडलं की पानं लाल होतात, हे बाबांना आणि मला ठाऊक होतं. पानं लाल, म्हणजे मॅग्नेशियमच कमी, असं मीच ठरवलं आणि मॅग्नेशियम सल्फेट फवारलं. पानांखाली तुडतुडे रस शोषत होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. तुडतुड्यांनी पान लाल होतं, नत्र कमी पडल्याने होतं, रात्री गारठा वाढला की होतं. फवारणीचा पैसा गेला, आणि ज्या दिवसांत तुडतुडे आवरता आले असते तेही गेले.

तेव्हापासून वर्गात पतंगाच्या शेजारी मी पऱ्हाटीचं लाल पानही दाखवायचो. शेतकऱ्यांच्या लेकरांना ते लगेच पटायचं.

पऱ्हाटी लाल दिसली, तर दुकानात जाण्याआधी चार पानं उलटून पाहा.